यंत्राची काटकसर आणि आज्ञेची भाषा



आपण अजून 'फोन फिरवतो'. बोट घालून फिरवायची ती तबकडी घराघरांतून नाहीशी होऊन कितीतरी वर्षे लोटली. आता हातात असते ती काचेची पाटी, आणि तिच्यावर बोट टेकवायचे एवढेच काम. तरी "त्याला जरा फोन फिरव" हे वाक्य आपल्या जिभेवर आहे आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. यंत्र गेले, त्याची हालचाल तेवढी भाषेत राहिली. बोलण्याच्या भाषेत असा अवशेष राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही. पण यंत्राशी बोलण्यासाठी माणसाने ज्या भाषा मुद्दाम घडवल्या, त्यांतही असे अवशेष जागोजाग आहेत, आणि त्यांतले काही चांगले महाग पडतात. आजचा माझा विषय तोच आहे. गणकयंत्राला, म्हणजे ज्याला आता आपण संगणक किंवा सरळ कॉम्प्युटर म्हणतो त्याला, आज्ञा देण्याच्या भाषा अशा का झाल्या? आणि त्या काळच्या यंत्रांच्या गरिबीचा त्यांच्या घडणीत वाटा किती?

मी ह्या शास्त्राचा पदवीधर नाही. कामगार संघटनेचे काम करताना, अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतली आरोपपत्रे आणि त्यांच्याबरोबर यंत्रांची माहितीपुस्तके वाचताना, ह्या विषयाशी गाठ पडली. पुढचे वाचनालयात बसून मिळवले. तेव्हा जे सांगणार आहे ते यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाजूने सांगणार आहे.

यंत्राच्या सोयीसाठी अक्षरांनी अंग चोरायचे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. देवनागरीचा छापखाना म्हणजे शेकडो खिळ्यांचा संसार. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे, ह्या सगळ्यांना वेगवेगळे खिळे लागत. हा पसारा आवरावा म्हणून लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग आरंभला. पुढे सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुरस्कारली: 'इ' न लिहिता 'अि', 'उ' न लिहिता 'अु'. वाचनालयात जुने अंक चाळणाऱ्यांनी ही रूपे पाहिली असतील. त्यामागचा हिशेब सरळ होता. खिळे कमी, टंकयंत्रावरच्या कळा कमी, खर्च कमी. लिपी यंत्रापुढे वाकवायची की यंत्र लिपीपुढे, हा तो वाद. सर्वसाधारण लेखनात 'अि' रुजला नाही आणि आपण 'इ'वर परत आलो. गणकयंत्राच्या भाषांत मात्र असे परत येणे बहुतेक ठिकाणी जमले नाही. का जमले नाही, ते पुढे ओघाने येईल.

आपल्या इकडचे पहिले उदाहरण मुंबईचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण मंडळींनी एक गणकयंत्र स्वतः बांधले. आधी एक लहान नमुना करून पाहिला, मग मोठे यंत्र उभारले. ते फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असत तसे. शिवाय जर्मेनियमचे १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. हे सगळे १८ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा पोलादी मांडणीत बसवलेले. आणि इतक्या पसाऱ्याची स्मरणशक्ती किती? २,०४८ 'शब्द'. इथे शब्द म्हणजे आपल्या बोलण्यातला शब्द नव्हे. यंत्र एका वेळी उचलते तेवढ्या खुणांचा गठ्ठा म्हणजे शब्द. टिफ्रॅकच्या शब्दात ४० घरे होती आणि प्रत्येक घरात फेराइटची एक बारीक कडी. तिचे चुंबकत्व एका दिशेचे असले तर शून्य, उलट दिशेचे असले तर एक. हिशेब केला तर ८१,९२० कड्या झाल्या. आजच्या पद्धतीने मराठी अक्षरे साठवायची म्हटली तर माझ्या ह्या व्याख्यानाचा चौथा हिस्सा त्यात जेमतेम मावेल.

ह्या यंत्राला आज्ञा देण्याची भाषा कोणती? शून्य आणि एक ह्यांची. म्हणजे भाषा यंत्राची होती, माणसाने ती शिकायची. गणिती मंडळी आपले सूत्र फोडून, प्रत्येक पायरीचा आकडी संकेत लिहून, स्मरणशक्तीतले कोणते घर कशासाठी वापरले ह्याची वही ठेवून काम करीत. सूत्र सूत्राच्याच रूपात लिहावे आणि यंत्राने त्याचे भाषांतर करून घ्यावे, ही कल्पना तोवर परदेशांत अंमलात आली होती. पण भाषांतर करणारा जो दुभाषा, तोही एक प्रोग्रामच. त्यालाही राहायला जागा हवी. दहा बाय दहाच्या खोलीत दुभाष्यानेच अंथरूण पसरले तर बिऱ्हाडकरूने झोपावे कुठे? टिफ्रॅकपुढची अडचण मला अशी दिसते.

१९६४ साली संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्याचा शब्द ४८ घरांचा, आणि शब्दांची संख्या ३२ हजारांवर. खोलीची एकदम चाळ झाली. दुभाषा सुखाने राहू लागला आणि त्याच्याबरोबर 'फोर्ट्रान' नावाची भाषा कुलाब्यात आली. परंतु येताना ती आपल्या अंगावर दुसऱ्याच एका यंत्राच्या खुणा घेऊन आली. ते यंत्र मुंबईने कधी मागवले नव्हते. त्या खुणा समजून घेण्यासारख्या आहेत.

फोर्ट्रान म्हणजे सूत्रांचे भाषांतर करणारी भाषा. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ती ७०४ नावाच्या यंत्रासाठी १९५७ साली पुरी केली. यंत्राचा तास तेव्हा इतका महाग, की दुभाष्याने केलेले भाषांतर हाताने लिहिलेल्या संकेतांइतके चपळ निघाले नाही तर त्याला कोणी विचारणार नाही, ही त्यांची धास्ती होती. सगळी बुद्धी त्यांनी तिकडे लावली. भाषा कशी असावी हा मोठा प्रश्न आहे असे त्यांना वाटलेच नाही. ती आपली जाता जाता घडत गेली, असे बॅकस ह्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. जाता जाता घडलेल्या गोष्टीला आकार देते ते भोवतालचे सामान. घाईत बांधलेली झोपडी हाताशी असलेल्या पत्र्याच्या मापाची होते, तसेच हे.

सामान कोणते होते? पहिले म्हणजे कार्ड. ज्यांनी जुन्या पगारपत्रकाच्या खात्यात काम केले असेल त्यांना ते ताठ, भोके पाडलेले कार्ड आठवेल. आडवी ८० घरे आणि प्रत्येक घरात भोकांच्या १२ जागा. १९२८ पासून आयबीएमच्या कार्डाचे हे माप ठरून गेले होते. आता ७०४ यंत्राचा शब्द ३६ घरांचा. कार्ड वाचणारे उपकरण कार्डाची एक ओळ दोन शब्दांत उचलीत असे. छत्तीस दुणे बहात्तर. म्हणजे ८० पैकी ७२ घरेच यंत्रापर्यंत पोचत, उरलेली ८ त्याला दिसतच नसत. झाले! फोर्ट्रानचा नियम ठरला: पहिल्या ५ घरांत आज्ञेचा क्रमांक, सहाव्या घरात खूण केली तर मागील कार्डाची ओळ पुढे चालू आहे असे समजावे, आणि प्रत्यक्ष आज्ञा ७ पासून ७२ पर्यंत. त्र्याहत्तराव्या घरात पडलेले अक्षर नसल्यात जमा. शिकाऊ मुलांनी ह्या नियमापायी किती रात्री घालवल्या असतील! डोळ्यांना ओळ पूर्ण दिसते, यंत्राला तिची शेपटी दिसत नाही, आणि उत्तर चुकते.

त्या टाकून दिलेल्या ८ घरांचा उपयोग माणसांनी काढलाच. त्यांत कार्डाचा अनुक्रमांक पंच करायचा. हजारभर कार्डांचा गठ्ठा हातातून सुटून जमिनीवर पसरला तर छाटणीयंत्रातून काढून पुन्हा क्रमाने लावता यावा म्हणून. यंत्राच्या आंधळेपणातून कारकुनाने आपली सोय करून घेतली, ही मला ह्या सगळ्या कथेतली आवडती गोष्ट.

दुसरी खूण नावांची. प्रोग्राममध्ये प्रत्येक राशीला नाव द्यावे लागते. त्या यंत्रात एका अक्षराला ६ घरे लागत. छत्तीस भागिले सहा, उत्तर सहा. म्हणून नाव जास्तीत जास्त ६ अक्षरांचे, की ते नेमके एका शब्दात बसेल. रोमन लिपीत 'बोनस'ला ५ अक्षरे, तो बसतो. 'ओव्हरटाइम'ला ८ अक्षरे, तो बसत नाही. त्यातली दोन कापावी लागतात. ओव्हरटाइम कापण्याची सवय कारखानदारांना आधीपासून होतीच, पण इथे दोष त्यांचा नव्हता.

तिसरी खूण तर फारच गमतीची. ७०४ यंत्राच्या फळीवर ४ छोटे दिवे होते आणि ऑपरेटरने वरखाली करायची ६ बटणे होती. फोर्ट्रानमध्ये त्या दिव्यांसाठी आणि बटणांसाठी खास आज्ञा घातल्या गेल्या: अमुक दिवा लावा, अमुक बटण खाली असेल तर इकडे जा. भाषा सूत्रांची म्हणायची आणि तिच्या व्याकरणात एका विशिष्ट फळीवरचे दिवे! पुढे ज्या यंत्रांवर असले दिवे नव्हते त्यांच्या फोर्ट्रानमध्येही नसलेल्या दिव्यांची नक्कल ठेवावी लागली, कारण जुने प्रोग्राम ते दिवे मागत.

आता तारखा पाहा. ७०४ यंत्राची विक्री १९६० साली बंद झाली. कुलाब्यात आलेल्या यंत्राचा शब्द ४८ घरांचा होता, म्हणजे त्यात ६ नव्हे, ८ अक्षरे मावली असती. तरीही १९६६ साली अमेरिकेत फोर्ट्रानचे पहिले प्रमाण ठरले ते नावाला ६ अक्षरे आणि आज्ञेला ७ ते ७२ घरे असेच. १९७८ च्या सुधारित प्रमाणातही हा नियम कायम. नावे ३१ अक्षरांपर्यंत वाढली आणि घरांचे बंधन सैल झाले ते १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणात. ७०४ मोडीत निघून तीस वर्षे झाली, तोवर त्याचे माप सगळ्या जगाने पाळले.

असेच दुसरे उदाहरण 'लिस्प' नावाच्या भाषेचे. जॉन मॅकार्थी ह्यांनी ती १९५८ पासून पुढे रचली. याद्यांवर काम करणारी ही भाषा विचाराने इतकी स्वच्छ आहे की गणिती लोक अजून तिचे कौतुक करतात. पण यादीतला पहिला भाग काढण्याच्या क्रियेला तिच्यात 'कार' म्हणतात आणि उरलेला भाग काढण्याच्या क्रियेला 'कुडर'. हे काय शब्द आहेत? त्याच ७०४ यंत्राच्या शब्दाचे जे तुकडे पाडलेले होते, त्यांतल्या दोन तुकड्यांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरे. यंत्र पाहिलेला माणूस आता विरळा, आणि विद्यार्थी मात्र 'कार' आणि 'कुडर' पाठ करतात. हा अवशेष निरुपद्रवी. 'फोन फिरव'सारखाच.

ह्या सगळ्यातून सुटण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. युरोप-अमेरिकेतल्या पंडितांनी मिळून १९६० साली 'अल्गॉल ६०' ही भाषा जाहीर केली आणि तिला कोणत्याही यंत्राचा विटाळ होऊ द्यायचा नाही असे ठरवले. पुस्तकात लिहायचे रूप वेगळे, यंत्रात घालायचे रूप ज्याने त्याने आपल्या यंत्राप्रमाणे ठरवावे. इतके सोवळे पाळले, की आकडे यंत्रात आत कसे घ्यायचे आणि उत्तर बाहेर कसे काढायचे, ह्याविषयी भाषेत एक अक्षर नाही. पुढच्या कितीतरी भाषांनी तिचे व्याकरण उचलले, पण नोकरीवरच्या माणसाने रोजच्या कामाला फोर्ट्रानच धरले. व्यवहारात असे होते खरे. उत्तर कागदावर उमटवून देईल ती भाषा चालते.

कार्डाच्या ८० घरांनी केलेली एक काटकसर तर सर्वांना ठाऊक आहे, फक्त तिचे मूळ आपण विसरलो. कामगाराचा तिकीट नंबर, नाव, खाते, दर, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, हे सर्व ८० घरांत बसवायचे. मग प्रत्येक तारखेत '१९' हे आकडे पंच करून दोन-दोन घरे कोण वाया घालवणार? वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहायचा रिवाज पडला. कार्डे गेली, रिवाज राहिला. शतक संपत आले तसे लक्षात आले की सन २००० हे यंत्राला १९०० वाटणार. त्या वेळी पुण्या-मुंबईच्या कितीतरी तरुणांना परदेशी बँकांचे आणि विमा कंपन्यांचे जुने प्रोग्राम ओळ न् ओळ तपासण्याचे काम मिळाले. आपल्याकडच्या संगणकी धंद्याला त्याने मोठा हात दिला. म्हणजे अवशेषावर कोणाची पोळीही भाजते.

आता आपल्या गावाजवळ येतो, कारण हा विषय कुलाब्यात किंवा अमेरिकेत संपत नाही. अंबरनाथला संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आहे. भोवतालच्या वसाहतीत लहानमोठी वर्कशॉप आहेत आणि त्यांत आज सीएनसी लेथ उभे आहेत. आपल्यापैकी कित्येकांची मुले त्यांच्यावर काम करतात. ह्या लेथला जी भाषा कळते तिला 'जी-कोड' म्हणतात. रोमन 'जी' आणि त्यापुढे आकडा म्हणजे कसे जायचे ते. 'एक्स' आणि 'झेड' ह्यांपुढे आकडा म्हणजे कुठवर जायचे ते. फोर्ट्रान शिकलेला माणूस तुम्हाला बदलापुरात मुद्दाम शोधावा लागेल. जी-कोड जाणणारे पहाटेच्या लोकलला ढिगाने भेटतील.

ह्या भाषेचा जन्म कागदी फितीवर झाला. १९५२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत भोके पाडलेल्या फितीवरून चालणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आले. पुढे एक इंच रुंदीची, आडव्या ओळीत ८ भोकांची फीत सर्वमान्य झाली आणि १९६० नंतरच्या वर्षांत तिच्यावरच्या संकेतांचे प्रमाण ठरले. फीत आता कोणी पाहिलेलीही नाही. पण प्रोग्रामच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत '%' ही खूण घालतात. तिचा टक्क्यांशी काही संबंध नाही. फीत मागे गुंडाळताना इथे थांब, असे ती सांगत असे. कित्येक यंत्रांच्या बटणावर अजून 'टेप' असे लिहिलेले आहे. आणि सर्वांत मौज म्हणजे, यंत्राची स्मरणशक्ती विकली जात असे ती मीटरवर! ४० मीटर, ८० मीटर, ६४० मीटर, जणू पेठेत कापड मोजून देत आहेत. एका मीटर फितीवर चारशेच्या आसपास अक्षरे बसत, त्यावरून हा हिशेब.

ह्याही गोष्टी निरुपद्रवीच. पण एक अवशेष तसा नाही, आणि त्याच्यासाठीच मी आज हा विषय घेतला. तो म्हणजे दशांश चिन्ह. आपले साधे टिंब.

काही वर्षांमागे एका वर्कशॉपमधल्या कामगारावर आरोपपत्र आले. माणूस चाळिशीतला, हात चांगला, पूर्वीचा कागद स्वच्छ. वर्कशॉपमध्ये दोन लेथ होते, एक नवा आणि एक सेकंडहँड घेतलेला. हा नेहमी नव्यावर असे. रात्रपाळीला माणूस कमी पडला म्हणून त्याला जुन्यावर लावला. बोअरिंग झाल्यावर टूल जॉबच्या तोंडापासून ५० मिलिमीटर मागे न्यायचे आणि मग टरेट फिरवून पुढचे टूल समोर आणायचे, असा प्रोग्राम त्याने पॅनेलवर टाकला. लिहिले 'झेड ५०'. नव्या यंत्रावर तो रोज असेच लिहीत असे. जुन्या यंत्राने टूल मागे नेले ते एका मिलिमीटरचा विसावा भाग. टरेट फिरला, शेजारचे लांब ड्रिल फिरत्या जॉबवर आदळले, टरेटचे नुकसान झाले. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. आरोप होता गंभीर निष्काळजीपणाचा आणि मालकाचा रोख बडतर्फीवर होता.

चौकशीत आम्ही मागणी केली की दोन्ही यंत्रांची माहितीपुस्तके समोर आणा. ती आली. त्यांत लिहिलेच होते: टिंब न घालता लिहिलेला आकडा मिलिमीटर समजावा की हजारांश मिलिमीटर, हे यंत्रातल्या एका अंतर्गत मांडणीवर अवलंबून राहील. ५० पुढे टिंब दिले तर दोन्ही यंत्रांवर ५० मिलिमीटर. टिंब दिले नाही तर एका यंत्रावर ५० मिलिमीटर आणि दुसऱ्यावर ५० हजारांश. चौकशी अधिकारी वकील होते. ते म्हणाले, "एकाच कारखान्यात एकाच आकड्याचे दोन अर्थ असतील कसे?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर साठ वर्षांमागच्या यंत्रात होते.

त्या पहिल्या यंत्रांच्या नियंत्रणात गणकयंत्र नव्हतेच. नुसती तारांनी जोडलेली मंडले होती. टूल सरकवायचे म्हणजे विजेचे ठोके मोजून द्यायचे. एक ठोका म्हणजे ठरलेले सर्वांत लहान अंतर. तेव्हा फितीवरचा आकडा हा अंतराचा आकडा नव्हताच मुळी, तो ठोक्यांचा आकडा होता. ५० म्हणजे ५० ठोके. टिंब ओळखायचे, त्याच्या मागचे-पुढचे आकडे वेगळे करायचे, मग ठोके काढायचे, ह्याला जास्त मंडले लागली असती आणि मंडले महाग. म्हणून टिंबाला भाषेत जागाच दिली नाही. आणि तेव्हा त्यात धोकाही फारसा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. फीत तयार होई ती नियोजन खात्याच्या टेबलावर, दिवसाउजेडी. दुसऱ्या माणसाने ती तपासावी आणि मग यंत्रावर चढावी. यंत्राजवळच्या माणसाच्या हातात आकडा लिहायची कळ नव्हती. पुढे यंत्रात छोटे गणकयंत्र बसले, पडदा आला, कळा आल्या, टेबलावरचे काम रात्रपाळीच्या माणसाकडे आले. भाषा मात्र टेबलावरचीच आली. टिंबाची सोय झाली ती जुन्या नियमाच्या वर चढवलेली: टिंब असेल तर नवा अर्थ, नसेल तर जुना.

बडतर्फी टळली. चार दिवसांचे निलंबन मात्र राहिले.

मग आम्ही लेखी मागणी केली की दोन्ही यंत्रांची मांडणी एकसारखी करा. सरळ दिसणारी मागणी, पण तिथेच खरी मेख निघाली. जुन्या यंत्राच्या पोटात पूर्वीच्या मालकापासूनचे शेकडो प्रोग्राम होते, सगळे ठोक्यांच्या हिशेबात लिहिलेले. मांडणी बदलली की त्यांतल्या प्रत्येक बिनटिंबाच्या आकड्याचा अर्थ हजारपट होणार. ५०,००० लिहिलेले असेल तिथे यंत्र ५० मीटर समजेल आणि धोक्याची सूचना देऊन थांबेल, ते ठीक. पण अर्ध्या मिलिमीटरसाठी जिथे ५०० लिहिले आहे तिथे ते अर्धा मीटर धावायला निघेल, आणि वाटेत काय आहे ते पाहणार नाही. म्हणजे नवा नियम चांगला, तो लावणेही सोपे, आणि लावला तर जुने सगळे लिखाण एका रात्रीत घातक. ते तपासायला माणूस-महिने लागले असते. मालकाने ते केले नाही आणि त्याचा हिशेब मलाही कळत होता. शेवटी ठरले ते असे, की ह्यापुढे प्रत्येक आकड्यामागे टिंब द्यायचे, मग तो पूर्णांक असला तरी, आणि कामगाराचे यंत्र बदलले तर पाळीच्या सुरुवातीला सेटरने फरक समजावून सही करायची.

फोर्ट्रानची ६ अक्षरे तीस वर्षे का टिकली, नसलेले दिवे भाषेत का राहिले, ह्याचे उत्तरही इथेच आहे. यंत्र मोडीत काढता येते, पण त्याच्यासाठी लिहिलेले लिखाण मोडीत काढता येत नाही. त्यात माणसांचे श्रम साठलेले असतात. 'अि' मागे घेता आला, कारण जुना अंक जसा आहे तसा वाचता येतो. वाचणारा माणूस असतो, तो समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही.

ह्या बाबतीत आमच्या चळवळीविषयीही एक शब्द बोलतो. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळातल्या गणकयंत्राविरुद्ध कलकत्त्याला मोठा लढा झाला. पुढे केंद्र सरकारने प्राध्यापक वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती नेमली आणि १९७२ साली तिचा अहवाल आला. बँकांत १९८३ साली संगणकांविषयी करार झाला. ह्या सगळ्यांत चर्चेचा गाभा होता तो जागा किती जाणार, यंत्रे किती येणार हा. तो प्रश्न पोटाचा होता, त्याला पर्याय नव्हता. पण यंत्र कोणत्या भाषेत ऐकते, ती भाषा कोणाच्या सोयीने ठरली आणि एक टिंब राहिले तर त्याचा भुर्दंड कोणी भरायचा, हा प्रश्न मागणीपत्रांत फारसा आला नाही. आमच्या भागातल्या दोन-तीन करारांत आता प्रशिक्षणाच्या कलमाखाली तो घालता आला आहे.

शेवटी लिपीकडे येतो. अक्षराला ६ घरे म्हणजे शून्य आणि एक ह्यांच्या फक्त ६४ जुळण्या. २६ रोमन अक्षरे, १० आकडे, बेरीज-वजाबाकीच्या खुणा, की जागा जवळजवळ संपली. रोमनमधली लहान अक्षरेसुद्धा बाहेर राहिली, म्हणून त्या काळचे प्रोग्राम सगळे मोठ्या अक्षरांत. तिथे देवनागरीला कोण विचारतो! १९६३ साली ठरलेल्या अमेरिकी प्रमाणात जुळण्या १२८ झाल्या, तरी त्यात आपण नव्हतो. भारतीय लिपींचे प्रमाण १९९१ साली नक्की झाले, त्यात पुण्याच्या सी-डॅक संस्थेने केलेल्या कामाचा वाटा मोठा आहे. त्याच वर्षी साऱ्या जगाच्या लिपींसाठी 'युनिकोड' निघाले आणि त्यात देवनागरी आली. आता पायथॉनसारख्या भाषेत राशीला 'मजुरी' असे देवनागरीत नाव दिले तरी चालते. आज्ञांचे शब्द मात्र इंग्रजीच.

लेथच्या पॅनेलवर अजून बहुतकरून रोमन मोठी अक्षरेच आहेत. प्रोग्राममध्ये कंस करून त्यात काही टिपून ठेवायची सोय असते. कंसातला मजकूर यंत्र ओलांडून पुढे जाते. अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये मी पडद्यावर असा कंस पाहिला. रोमन मोठ्या अक्षरांत मराठी लिहिले होते: 'इथे हळू घे, जॉ लांब आहेत.' पुढच्या पाळीच्या माणसासाठी. आणि त्याच्या खालच्या ओळीत, प्रत्येक आकड्यामागे, टिंब होते.